सभेचा उंबरठा

सभा भरली आहे. शाळेच्या मोठ्या खोलीत वीसपंचवीस माणसे बसली आहेत, वक्त्याचे भाषण चालू आहे, आणि दाराशी एक मनुष्य उभा आहे. त्याने पादत्राणे काढली आहेत, पण आत पाऊल टाकलेले नाही. आत गेल्यास कोणी ‘आपण कोण?’ असे विचारील काय, बसावयाचे कोठे, आपल्याजवळ सांगण्यासारखे जे आहे ते सांगावयाची वेळ येईल काय, आणि आली तर आपल्या बोलण्याला लोक हसतील काय, हे सारे प्रश्न त्याच्या मनात एकदमच उभे राहतात. पुष्कळ वेळा तो तसाच परत फिरतो. सभेच्या वृत्तान्तात त्याची नोंद होत नाही. ‘उपस्थिती बेताची होती’ एवढेच दुसऱ्या दिवशीच्या पत्रात छापून येते.

सभेला वास्तविक दारे दोन असतात. एक लाकडाचे, त्यातून मनुष्य आत येतो. दुसरे डोळ्यांना दिसत नाही. त्यातून त्याचा शब्द आत येतो. पहिले सताड उघडे आणि दुसरे घट्ट मिटलेले, असा प्रकार आपल्याकडे फार. ग्रामसभेचेच पाहा. महाराष्ट्रातील कायद्याप्रमाणे गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव आहे तो प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. त्याला वर्गणी नाही, शिफारस नाही, शपथ नाही. ह्याहून सोपा प्रवेश तो कोणता? तथापि गणपूर्तीसाठी शेकडा १५ मतदार किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी, हजर असावी लागतात. आणि ती भरून काढण्यासाठी हजेरीची वही घरोघर फिरते, हे दृश्य पुष्कळ गावांनी पाहिलेले आहे. मनुष्य घरी राहतो आणि त्याची सही सभेस जाते! जे प्रत्यक्ष येतात त्यांच्यापैकीही बहुतेक जण वहीत सही करून मागच्या भिंतीला टेकतात. बोलतात ते नेहमीचे चारपाच. स्त्रियांच्या बाबतीत तर नेहमीच्या ग्रामसभेपूर्वी त्यांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायद्यातच घालावे लागले. बोलण्याचा हक्क त्यांना आधीपासून होताच. पुरुषांनी भरलेल्या चावडीत उभे राहून तो वापरणे मात्र जमत नव्हते.

ही दोन्ही दारे एकाच शहरात, त्रेसष्ट वर्षांच्या अंतराने, कशी उघडली आणि कशी मिटली हे पाहावयाचे असेल तर सुरतेस जावे लागते.

मराठी माणसाच्या स्मरणात सुरत आहे ती १६६४ व १६७० मधील शिवछत्रपतींच्या स्वाऱ्यांमुळे. त्या वेळची ती श्रीमंत मोगल बंदरपेठ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पार ओसरली होती. व्यापार मुंबईकडे गेला होता. १८३७ साली तर एकाच वर्षात शहराला मोठी आग लागली आणि तापीला पूरही आला. लक्ष्मी निघून गेली तरी समाजाची घडण मात्र जुनीच राहिली होती. न्यात आणि महाजन, म्हणजे जात आणि धंद्याची पंचायत, ही तिची दोन बळकट कुंपणे. सुरतेतील मनुष्याला तोंड उघडावयाचे तर ते ह्या कुंपणाच्या आत. वाण्याने वाण्यांत बोलावे, जरीवाल्याने जरीवाल्यांत. धर्माविषयी काही शंका असेल तर गुरुमहाराजांपुढे हात जोडून बसावे आणि ते सांगतील ते ऐकून उठावे. ‘तू काय म्हणतोस?’ ह्या प्रश्नाच्या आधी प्रत्येक ठिकाणी ‘तू कोणाचा?’ हा प्रश्न येई. सरकारशी बोलावयास तर तेवढेही दार नव्हते. १८४४ च्या ऑगस्टमध्ये मिठावरील कर मणामागे आठ आण्यांवरून एक रुपया झाला तेव्हा सुरतकरांना आपले म्हणणे सांगावयास दुकाने बंद करून रस्त्यावर उतरण्यापलीकडे मार्ग सापडला नाही. दंगा झाला.

त्या दंग्याच्या दोनच महिने आधी, २२ जून १८४४ रोजी, ह्याच शहरात ‘मानवधर्म सभा’ स्थापन झाली होती. तिचा मिठाच्या कराशी काही संबंध नव्हता. पण कोणीही यावे आणि बोलावे, ही जी गोष्ट शहरात कोठेच नव्हती ती तिने आपल्यापुरती घडवून आणली.

सभेच्या प्रमुखांपैकी एक होते दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी वाचकांस ते व्याकरणकार म्हणून ठाऊक आहेत. १८३६ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध केले, आणि त्याच्या सुधारून वाढविलेल्या आवृत्त्यांवर मराठी शाळांतील कित्येक पिढ्या शिकल्या. जावऱ्याच्या तरुण नबाबाचे शिक्षक म्हणून काही काळ राहून ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत आले. तेथे त्यांची गाठ पडली दुर्गाराम मंछाराम मेहता यांच्याशी. दुर्गाराम हे सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी, म्हणजे आपल्याकडील पंतोजी. जातीने नागर ब्राह्मण, स्वभावाने निर्भीड, आणि विधवांच्या दुःखाविषयी मनात सतत सल बाळगणारे. एक मुंबईचा मराठी, एक सुरतेचा गुजराती. एक तिशीचा, दुसरा चौतिशीचा. त्यांच्याबरोबर दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास असे आणखी तिघे होते. पाचांचीही नावे ‘द’ पासून सुरू होत, म्हणून सुरतेच्या लोकांनी त्यांस ‘पाच दद्दे’ असे गमतीचे नाव दिले. टोपणनाव पडणे ही त्या काळीही प्रसिद्धीची एक पायरीच होती.

सभा दर रविवारी भरे, आणि ज्याला येण्याची इच्छा असेल त्याला तीत मज्जाव नव्हता. ईश्वर एक आहे, मनुष्यमात्राची जात एक आहे, माणसाची योग्यता जन्मावरून न ठरविता गुणांवरून ठरवावी, आचरण विवेकाला धरून असावे, अशी तिची तत्त्वे होती. जातिभेद, मूर्तिपूजा, विधवांची स्थिती, भुतेखेते व मंत्रतंत्र हे चर्चेचे विषय. आजच्या वाचकाला ह्यात मोठेसे धाडस वाटणार नाही. परंतु १८४४ सालच्या सुरतेत, जेथे न्यातीबाहेर टाकलेल्या माणसाच्या घरी न्हावीही येत नसे आणि मेल्यावर खांदा देण्यासही कोणी मिळत नसे, तेथे हे सारे दार उघडे ठेवून बोलणे ही सामान्य गोष्ट नव्हती.

ह्या सभेचे मोठेपण सांगताना चरित्रकार बहुधा तिच्या तत्त्वांवर भर देतात. तिच्या रीतीकडे लक्ष कमी जाते. वास्तविक नवेपणा रीतीतच अधिक होता. दिवस ठरलेला असल्यामुळे निमंत्रणाची गरज उरली नाही, आणि जेथे निमंत्रण नसते तेथे न बोलावल्याचा अपमानही नसतो. व्यवहार चाले तो गुजरातीत. दादोबांना इंग्रजी उत्तम येत असे, त्यांची मातृभाषा मराठी. पण सभा सुरतेची होती, म्हणून भाषा सुरतेची. हा मुद्दा लहान नाही. मुंबईस १८४८ साली एल्फिन्स्टन संस्थेतील विद्यार्थ्यांनी आपली मंडळी काढली तिचे निबंधवाचन इंग्रजीत होई. तेवढ्यावर भागेना, म्हणून लौकरच मराठी व गुजराती अशा वेगळ्या ज्ञानप्रसारक सभा काढाव्या लागल्या. कुलूप न लावताही दार कसे बंद ठेवता येते ह्याचे परकी भाषा हे उत्तम उदाहरण होय.

सर्वांत लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे सभेने विरोधकांनाही दार मोकळे ठेवले. भुते उतरविणारे, मूठ मारणारे, मंत्राने साप बांधणारे असे जे लोक शहरात पोट भरीत होते त्यांना सभेने आव्हान दिले: आपली विद्या सर्वांसमक्ष दाखवावी. आपल्याशी सहमत असलेल्या दहा माणसांना जमवून मंत्रतंत्राची टवाळी करणे सोपे असते. मांत्रिकालाच सभेत पाचारण करावयाचे, त्याला जागा द्यावयाची आणि काय करतो ते पाहावयाचे, ह्याला निराळी छाती लागते. सभा सर्वांना मोकळी आहे असे म्हणणाऱ्याची परीक्षा नेमकी येथेच होते. मित्रांसाठी दार कोणीही उघडतो.

दुर्गारामांनी सभेतील कामकाजाची टिपणे ठेवली होती. त्यांच्या आधाराने महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी १८७९ साली ‘दुर्गारामचरित्र’ लिहिले, आणि त्यामुळेच ह्या सभेची हकीकत पुढे टिकली. बोललेला शब्द कोणीतरी लिहून ठेवतो आहे ही जाणीव बोलणाराला जबाबदार करते. प्रवेश मोकळा आणि नोंद चोख, असा तो मेळ होता. नोंदीचा आग्रह दाराशी धरला तर माणसे बिचकतात. बोलून झाल्यावर धरला तर ती सुखावतात. आपले बोलणे वाया गेले नाही असे त्यांना वाटते.

येथवर सारे गोड झाले. आता उणे सांगितले पाहिजे.

उणे असे की, ही सभा बोलली फार आणि तिने केले थोडे. जातिभेदावर तिने टीका केली, पण तो मोडण्याचे प्रत्यक्ष पाऊल टाकले नाही. येणाऱ्याला काही सोडावे लागत नव्हते, काही पत्करावे लागत नव्हते. रविवारी सभेत मनुष्यजात एक आहे असे ऐकावे आणि सोमवारी न्यातीच्या पंगतीस बसावे, ह्याला आडकाठी नव्हती. शिवाय दार सर्वांना मोकळे म्हणावयाचे, पण त्या काळच्या चालीप्रमाणे ‘सर्व’ म्हणजे पुरुष. जिच्याविषयी एवढा कळवळा व्यक्त होई ती विधवा घरात माजघराच्या पलीकडे बसलेली. तिचे म्हणणे काय आहे हे तिला विचारण्याची कल्पना कोणाच्या मनात यावयास अजून पुष्कळ वर्षे जावयाची होती. आणि सभेचा भार दोनतीन माणसांवरच होता. १८४६ साली दादोबा मुंबईस परतले. १८५२ मध्ये दुर्गारामही राजकोटास गेले, आणि मानवधर्म सभा सरली.

दादोबांनी सुरतेच्या अनुभवावरून काय धडा घेतला असावा हे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. १८४९ साली मुंबईत ‘परमहंस सभा’ निघाली. अध्यक्ष रामचंद्र बाळकृष्ण असले तरी तिच्या विचारांचा उगम दादोबांच्या लेखनात होता, आणि सभेच्या आरंभी व शेवटी म्हणावयाच्या मराठी प्रार्थना त्यांनीच रचलेल्या होत्या. तत्त्वे जवळपास तीच, सुरतेची. दार मात्र अगदी उलट. ही सभा गुप्त होती. तिच्या बैठका सभासदांच्या घरी भरत. आत येणाराला जातिभेद पाळणार नाही अशी प्रतिज्ञा करावी लागे, आणि प्रतिज्ञेची कसोटी म्हणून ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. पाव हा आज न्याहारीचा पदार्थ आहे. त्या वेळी तो एक घास घशाखाली उतरला की मनुष्य जातीला मुकला. म्हणजे सुरतेत ज्याला काहीच द्यावे लागत नव्हते, त्याला मुंबईत आत येतानाच सर्वस्व डावावर लावावे लागे.

ह्या दोहोंत श्रेष्ठ कोणती? उत्तर वाटते तितके सोपे नाही. परमहंस सभेचा सभासद बोलत होता ते करीत होता, निदान बंद दाराआड तरी. तिच्या शाखा मुंबईबाहेर पुणे, अहमदनगर अशा ठिकाणी निघाल्या. सुरतेच्या सभेला ते साधले नाही. परंतु गुप्ततेचा एक शाप असतो. बाहेरच्या माणसाचा प्रश्न आत कधी येत नाही. सारे एकमेकांशी सहमत; ज्याला समजावयाचे तो रस्त्यावर, आणि समजावणारे माडीवर. आणि एवढे करूनही सुरक्षितता मिळाली नाही ती नाहीच. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे कोणी तरी चोरून नेली आणि सभासदांची नावे फुटली. ज्या यादीत नाव लिहून घेतल्यावाचून आत प्रवेश नव्हता, तीच यादी सभेच्या मुळावर आली. घरोघर भीती पसरली, आणि अकरा वर्षे चाललेली सभा पाहता पाहता विरून गेली. प्रवेशाच्या वेळी माणसाकडून किती आणि काय लिहून घ्यावे, ह्याचा विचार करणाराने ही गोष्ट विसरू नये. घेतलेले प्रत्येक नाव सांभाळावे लागते.

नावाचा हा प्रश्न तर्खडकर बंधूंच्या घरात आधीपासूनच होता. दादोबांचे धाकटे बंधू भास्कर पांडुरंग यांनी १८४१ साली ‘बाँबे गॅझेट’ पत्रात इंग्रजी राज्यातील पिळवणुकीवर जळजळीत पत्रे लिहिली, ती ‘एक हिंदू’ ह्या सहीने. गोपाळराव देशमुखांनी १८४८ पासून ‘प्रभाकर’ पत्रात शंभरांवर पत्रे लिहिली, ती ‘लोकहितवादी’ ह्या नावाने. आणि स्वतः दादोबांनी सुरतेच्या दिवसांत लिहिलेले ‘धर्मविवेचन’ छापून निघाले ते थेट १८६८ साली, लेखक म्हणून नाव ‘एक जगद्वासी आर्य’. उघड्या दाराच्या सभेत तोंडाने बोलणारा मनुष्य छापील पानावर मात्र पडदा घेतो, ही विसंगती वरवर हसण्यासारखी आहे. पण त्यात भित्रेपणापेक्षा व्यवहार अधिक आहे. सभेतील शब्द ऐकणाऱ्यांपुरता असतो; छापलेला शब्द न्यातीच्या पंचांपुढे पुरावा म्हणून ठेवता येतो. वृत्तपत्रांनी टोपणनावाला जागा दिली म्हणून जे लोक एरवी गप्प बसले असते ते लिहिते झाले. पत्रव्यवहाराच्या सदरात छापण्याकरिता टोपणनाव चालेल, मात्र संपादकाच्या माहितीसाठी खरे नाव व पत्ता कळवावा, हा जो नियम पुढे रूढ झाला तो मोठ्या शहाणपणाचा होता. सुरतेची मोकळीक आणि मुंबईची खबरदारी ह्यांच्या मधली ती वाट होय.

सभेच्या क्षेत्रात अशी मधली वाट काढली दादोबांचेच दुसरे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी. ३१ मार्च १८६७ रोजी मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. उपासना उघड, पाव खाण्याची अट नाही, जात सोडल्याची प्रतिज्ञा नाही. ह्यावर कडव्या सुधारकांनी पुढे भरपूर टीका केली, आणि ती सर्वस्वी खोटी नव्हती. पण न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांसारखी माणसे त्या दारातून आत आली, राहिली आणि बोलली, हेही तितकेच खरे.

येथवर गोष्ट पहिल्या दाराची झाली. दुसऱ्या दाराची, म्हणजे आत आलेल्या माणसाला बोलू द्यावयाचे की नाही ह्याची गोष्ट सुरतेतच घडली, आणि तिचा आवाज साऱ्या देशात गेला.

डिसेंबर १९०७. राष्ट्रीय सभेचे अधिवेशन नागपूरला भरावयाचे होते. तेथे तंटे माजले म्हणून ते सुरतेस हलविण्यात आले. तापीच्या काठी फ्रेंच गार्डनमध्ये मंडप उभा राहिला. राष्ट्रीय पक्षाला संशय होता की, १९०६ साली कलकत्त्यास मंजूर झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार व राष्ट्रीय शिक्षण यांचे ठराव येथे पातळ केले जाणार. अध्यक्षपदी डॉ. राशबिहारी घोष यांची निवड व्हावयाची होती. २६ तारखेला त्यांच्या नावाच्या सूचनेला दुजोरा देण्यासाठी सुरेंद्रनाथ बॅनर्जी उभे राहताच गोंधळ उडाला आणि सभा तहकूब करावी लागली. दुसऱ्या दिवशी काम सुरू होण्याच्या सुमारास लोकमान्य टिळकांनी स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास माळवी यांच्याकडे एक चिठ्ठी पाठविली. चिठ्ठीतील आशय साधा होता: अध्यक्षांच्या निवडीच्या सूचनेला दुजोरा मिळाल्यावर आपणास प्रतिनिधींपुढे बोलावयाचे आहे, तहकुबीची व तडजोडीची सूचना मांडावयाची आहे, आपले नाव पुकारावे.

उत्तर आले नाही. आठवण देण्यात आली. तिचेही उत्तर आले नाही.

निवड झाली असे जाहीर झाले, अध्यक्ष भाषणास उभे राहिले, आणि टिळक व्यासपीठावर चढले. आपण सूचना दिलेली आहे, आपणास बोलण्याचा हक्क आहे, असे ते म्हणू लागले. सूचना नियमबाह्य आहे असे त्यांस सांगण्यात आले. ते जागचे हलेनात. हाताची घडी घालून उभे राहिले. त्यांना ओढून खाली काढण्यासाठी तरुण पुढे सरसावले तेव्हा त्यांच्या संरक्षणासाठी हात पसरून मध्ये उभे राहिले ते दुसरे कोणी नसून विरुद्ध पक्षाचे गोपाळराव गोखले. इतक्यात एक दख्खनी जोडा व्यासपीठावर आला. तो सुरेंद्रनाथांना लागला, फिरोजशहा मेहतांना लागला. मग खुर्च्या, काठ्या, पागोटी. शेवटी पोलिसांनी मंडप रिकामा केला.

ह्या प्रसंगावर आजवर शाईचे हौद रिते झाले आहेत. कोणी टिळकांना दोष देतो, कोणी मेहतांना. नेमस्तांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हती. अध्यक्षांची निवड हा त्या काळी उपचार मानला जाई. त्या उपचाराच्या मध्येच तहकुबीची सूचना घुसविणे हे त्यांना नियमाला सोडून वाटले, आणि आदल्या दिवशीचा गोंधळ डोळ्यांपुढे असता टिळकांना व्यासपीठ द्यावे की नाही ह्याची धास्तीही त्यांना वाटली असणार. पण मग ‘आपली सूचना नियमात बसत नाही’ असे दोन ओळींचे उत्तर देण्यास काय हरकत होती? नकार ऐकून मनुष्य चिडतो, वाद घालतो, अपील करतो. निदान तो सभेच्या कामाचा भाग तरी राहतो. चिठ्ठी खिशात पडून राहिली म्हणजे त्याच्यापुढे दोनच मार्ग उरतात: निमूट बसावे, नाही तर व्यासपीठावर चढावे. निमूट बसणारे टिळक कोणी पाहिले होते?

दंग्यानंतर व्यवस्थापकांनी जे केले ते सर्व काळच्या व्यवस्थापकांसारखेच होते. त्यांनी पहिले दार अरुंद केले. १९०८ च्या एप्रिलमध्ये अलाहाबादेस नवी घटना तयार झाली. सनदशीर मार्गाने साम्राज्यांतर्गत स्वराज्य हे ध्येय आपणास मान्य आहे असे प्रत्येक प्रतिनिधीने लिहून द्यावे, असा त्यात दंडक होता. परमहंस सभेत पाव होता, येथे लेखी कबुली. मंडप शांत झाला यात शंका नाही. अधिवेशने वेळेवर सुरू होऊ लागली आणि वेळेवर संपू लागली. पण प्रतिनिधींची संख्या रोडावली, आणि देशाचे लक्ष तेथून उडाले. टिळक १९०८ ते १९१४ मंडालेच्या तुरुंगात होते; त्यांच्या पक्षाची माणसे बाहेर असून सभेच्या बाहेरच होती. १९१५ साली गोखले गेले, फिरोजशहा मेहता गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या अधिवेशनाने प्रतिनिधी निवडण्याचे नियम सैल केले, आणि १९१६ साली लखनौस टिळक पुन्हा राष्ट्रीय सभेच्या व्यासपीठावर आले. सुरतेच्या चिठ्ठीला झालेली ती नऊ वर्षे.

आजची सुरत ही दुर्गारामांची ओसरलेली सुरत नव्हे. हिऱ्यांना पैलू पाडणारे आणि साड्या विणणारे ते मोठे उद्योगशहर आहे, आणि खानदेशातून गेलेली मराठी माणसे लिंबायत, उधना, डिंडोली ह्या भागांत दाटीने राहतात. घरात अहिराणी, मालकाशी गुजराती, शेजारच्या ओडिया कामगाराशी हिंदी, असा त्यांचा दिवस जातो. ह्या माणसाला नगरातील एखाद्या सभेत उभे राहून बोलावयाचे तर दादोबांच्या वेळचाच प्रश्न त्याच्यापुढे येतो: बोलावयाचे कोणत्या भाषेत? सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीने गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया व तेलुगू ह्या भाषांतूनही शाळा चालविल्या आहेत. एरवी हा विषय पाठ्यपुस्तकांच्या संदर्भात बोलला जातो. परंतु अशा शाळेत पालकांची सभा भरते तेव्हा तेथे आणखी एक गोष्ट घडू शकते. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेला बाप, अथवा साड्यांना टिकल्या लावण्याचे काम हातावेगळे करून आलेली आई, दाराशी क्षणभर थांबते, आत येते, आणि मुलाला वर्गात मागे का बसविले जाते हे गुरुजींना मराठीत विचारते.